पॅसिफिक बेटांवर माणसे किती होती?

अठराव्या शतकात युरोपीय जहाजे पॅसिफिकमधील अनेक बेटांवर पोहोचली, तेव्हा तिथे जनगणना नव्हती. त्या वेळची लोकसंख्या तीन साधनांवरून काढतात: खलाशांच्या नोंदी, नंतरच्या शिरगणत्या आणि पुरातत्त्वीय अवशेष.

खलाशांचे आकडे बहुतेक गुणाकारातून आले. १७७४ मध्ये ताहितीत कॅप्टन कुकने १६० मोठ्या युद्धनौका आणि १७० लहान नावा पाहिल्या. मोठ्या नौकेवर ४० आणि लहान नावेवर ८ माणसे धरून त्याने ७,७६० हा आकडा काढला. बेटाच्या ४३ विभागांपैकी प्रत्येकाकडे ४० युद्धनौका असतील आणि लढणारे पुरुष एकूण लोकांच्या एक तृतीयांशाहून जास्त नसतील, असे मानून तो २,०४,००० वर पोहोचला. १७९७ मध्ये मिशनऱ्यांना तिथे सुमारे १६,००० माणसेच आढळली. मधल्या काळात परके आजार पसरले होते. पण सर्व विभाग सारखेच बलवान, हे कुकचे गृहीतकही कच्चे होते.

हवाईत १७७९ मध्ये कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंगने केआलाकेकुआ उपसागराभोवतीची सुमारे ३५० घरे आणि दर घरी सहा माणसे धरली. आतल्या मळ्यांतली तीनशे मिळवून २,४०० झाली. हेच प्रमाण किनाऱ्यांना लावून, ओसाड भाग वजा करून त्याने सर्व बेटांसाठी ४ लाखांचा अंदाज दिला. त्याच मोहिमेतील विल्यम ब्लायचा अंदाज सुमारे २ लाख ४२ हजार होता.

मिशनऱ्यांच्या १८३१-३२ च्या गणतीत हवाईत सुमारे १ लाख ३० हजार लोक भरले, १८५३ मध्ये ७३ हजार. या घटीच्या वेगाने मागे जाऊन आधीची लोकसंख्या काढता येते. पण १८०४ च्या साथीसारखे गणतीपूर्वीचे तडाखे त्यात सापडत नाहीत. युरोपीय आले तेव्हाच्या हवाईसाठी संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट श्मिट यांनी दोन ते अडीच लाखांचा अंदाज मांडला. इतिहासकार डेव्हिड स्टॅनर्ड यांनी १९८९ मध्ये ८ लाख किंवा त्याहून अधिक असा दावा केला. किंगने पाहिलेला किनारा तुलनेने कोरडा होता आणि पावसाळी बाजूला जास्त वस्ती असणार, हा त्यांचा एक मुद्दा होता.

पुरातत्त्वज्ञ घरांचे चौथरे आणि शेतांचे बांध मोजतात, रेडिओकार्बनने त्यांचा काळ ठरवतात. अळूच्या पाणथळ शेतांवरून किती तोंडे पोसली जाऊ शकत होती, हेही कळते. मात्र सगळी घरे एकाच वेळी नांदती नसतात आणि जमिनीची क्षमता म्हणजे प्रत्यक्ष लोकसंख्या नव्हे.

या वादातून विनाशाचे मोजमाप ठरते. सुरुवात अडीच लाखांपासून धरली, तर १८५३ पर्यंत हवाईतील सुमारे सत्तर टक्के लोक कमी झाले. आठ लाखांपासून धरली, तर दहातले नऊ.