सड्यावरची दीपकाडी

कोंकणांतील फुलांची गोष्ट निघाली कीं सुरंगी, बकुळ, सोनचाफा हीं नांवें वाचकांच्या तोंडीं सहज येतात. परंतु ज्या जागेस आपण ‘नुसता कातळ’ म्हणून नाक मुरडतों तेथेंच उगवणाऱ्या, आणि या किनारपट्टीखेरीज पृथ्वीच्या पाठीवर इतरत्र न आढळणाऱ्या एका फुलाचा परिचय पुष्कळशा कोंकणस्थ घरांतही नसावा. त्या फुलाचें नांव दीपकाडी.

रत्नागिरी, राजापूर या बाजूस किनाऱ्यालगत जांभ्या दगडाचीं विस्तीर्ण पठारें आहेत. तेथील लोक त्यांस ‘सडा’ म्हणतात. समुद्राकडे जातां जातां सडा एकाएकीं तुटतो. खालीं उभा कडा आणि लाटा. कशेळीस कनकादित्याच्या दर्शनास गेलेल्यांस हा देखावा ठाऊक आहे. उष्ण व अतिवृष्टीच्या प्रदेशांत मूळ खडकांतील विद्राव्य द्रव्यें युगानुयुगें धुपून जातात, लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें उरतात, आणि त्यांचा हा तांबडा दगड बनतो. मलबारांतील अशाच दगडास फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं विटेच्या लॅटिन नांवावरून ‘लॅटेराइट’ म्हटलें. सड्यावर माती म्हणून जी असते ती खळग्यांतून आणि भेगांतून, बोटभर. वैशाखांत तेथें अनवाणी पाय ठेववत नाहीं.

अशा जागीं जगावयाचें तर वर्षांतील बहुतेक काळ दिसेनासें होणें हाच उपाय. दीपकाडीचा कंद, जो कांद्याच्या जातीचा असतो, आठ महिने त्या बोटभर मातींत निद्रिस्त राहतो. पहिला मोठा पाऊस झाला कीं अरुंद, लांबट पानें वर येतात, आणि ज्येष्ठ-आषाढांत सरळ देठावर शुभ्र फुलांचा तुरा उभा राहतो. तिच्या भारतीय भावंडांपैकीं बहुतेकांचीं फुलें हिरवट, डोळ्यांत न भरणारीं; हिचीं मात्र दुरून दिसावीं इतकीं पांढरीं. कांहीं आठवड्यांत बोंडें धरतात, चपट्या काळ्या बिया गळतात, आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा नुसता कातळ. मेघदूतांत पहिल्या पावसाच्या कंदलीस स्थान मिळालें. यक्षाचा मेघ कोंकणावरून गेला असता तर दीपकाडीसही मिळालें असतें, असें आम्हांस वाटतें.

नांवाची गंमत सांगण्यासारखी आहे. दीप आणि काडी, असा विग्रह कोणीही करील, आणि अर्थही चपखल बसतो. परंतु ‘डिपकॅडी’ हें वंशनाम मेडिकस या जर्मन शास्त्रज्ञानें १७९० सालीं योजिलेलें आहे. संस्कृताशीं त्याचा संबंध नाहीं. आपल्या या जातीचें वर्णन निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १८५० सालीं प्रसिद्ध केलें, आणि तिच्या शास्त्रीय नांवांत कोंकणाचें नांव घातलें. लोकांनीं त्या परक्या शब्दाची मराठी काडी करून टाकली, हें आम्हांस तरी फार आवडलें.

सातबाराच्या उताऱ्यांत मात्र या जागेस निराळाच शब्द आहे: पोटखराबा. म्हणजे लागवडीस अयोग्य भाग. हा शब्द शेतसाऱ्याच्या हिशेबासाठीं झाला. त्यानें जमिनींत काय आहे हें सांगितलें नाहीं, काय पिकत नाहीं एवढेंच सांगितलें. आपण मात्र तो अक्षरशः खरा मानला. कित्येक कुटुंबांच्या उताऱ्यावर पांच-सात भाऊबंदांचीं नांवें एकाखालीं एक असतात. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, एखादा समुद्रापार. कातळाचे पैसे येतात म्हटल्यावर सह्या होण्यास वेळ लागत नाहीं. मग कोठें चिऱ्याची खाण पडते आणि वरचा थर कंदांसह निघून जातो. कोठें सुरुंगानें खड्डे पाडून, बाहेरची माती भरून हापूसचीं कलमें लावतात. आम्ही खाणवाल्यास किंवा बागाईतदारास दोष देत नाहीं. आम्हीही चिऱ्याच्याच घरांत राहतों आणि आंबा आवडीनें खातों. परंतु जी वस्तु जगांत एवढ्या एकाच पट्ट्यांत आहे ती ‘खराबा’ या एका शब्दाखालीं, कोणी न पाहतां, विकली जावी हें बरें नव्हे.

याच सड्यांवर प्राचीन माणसानें कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटांत इतर पुष्कळ प्राणी कोरलेले आहेत, त्यांतलाच. तोही पोटखराब्यावरचाच म्हणावयाचा. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणांतील कातळशिल्पांचा समावेश झाला, तेव्हां कोठें त्या दगडाकडे लोक मान वळवून पाहूं लागले. फुलाची अडचण अशी कीं तें बारमास जागेवर नसतें. गिऱ्हाईक बहुधा दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाल्यावर जमीन पाहावयास येतें, आणि त्या वेळीं दाखवावयास कांहीं नसतें.

म्हणून वांटणीच्या अथवा विक्रीच्या बोलण्यास भाऊबंदांनीं एकत्र यावयाचेंच असेल तर आषाढाच्या आरंभीं यावें, आणि बोलणें ओटीवर न करतां सड्यावर जाऊन करावें. जेथें फुलें दाट दिसतील तेवढा तुकडा खरेदीखतांतून वगळावयाचा कीं नाहीं तें तेथेंच ठरवावें. घरच्या बागेसाठीं कंद उकरून आणूं नये. शेवाळामुळें कातळ फार निसरडा झालेला असतो. वडीलधाऱ्यांनीं हातीं काठी ठेवावी, आणि मुलांनीं पांढरे तुरे चुकवून पाय टाकावा.