संसार मोडतो, सही मोडत नाही

हंगाम सुरू झाला की तेलगावच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. साखर कारखाना जवळच. वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा, तर बँकेला जमीन दाखवावी लागते. ती अपुरी पडली की घरात पगार कोणाचा आहे, ते पाहिले जाते.

अशाच एका कर्जावर एका शिक्षिकेची सहकर्जदार म्हणून सही मी स्वतः घेतली होती. ‘बाई, इथे सही करा. फक्त फॉर्मॅलिटी आहे,’ हे शब्द माझेच. पुढे परस्परसंमतीने घटस्फोट झाला. ट्रॅक्टर नवऱ्याकडे राहील व हप्तेही तोच भरील, असे तडजोडीत लिहिले गेले. हप्ते थकले आणि नोटीस बाईंच्या शाळेत पोचली. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन त्या माझ्या टेबलासमोर बसल्या. ‘साहेब, कोर्टानंच लिहून दिलंय की!’

कोर्टाने लिहिले होते खरे, पण त्या दाव्यात बँक पक्षकार नव्हती. 1872 च्या करार कायद्याचे कलम 43 सांगते, की संयुक्तपणे वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून धनको पूर्ण रक्कम मागू शकतो. जामीनदाराचेही तेच. आधी मूळ कर्जदाराच्या मागे लागा, असे तो बँकेला सुनावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच तसा निकाल दिला आहे. तडजोडीचा कागद निरुपयोगी नसतो. त्याच्या आधारे भरलेले पैसे नवऱ्याकडून वसूल करता येतात. पण आधी स्वतः भरायचे आणि मग त्याच्या दारी जायचे!

आमच्या भागाला हे नवे नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर. जोडी फुटली तरी मुकादमाची वही फुटत नाही. बँकेची वही जरा स्वच्छ अक्षरात असते, इतकेच.

हिंदू विवाह कायद्यानुसार संमतीच्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते; 2017 पासून न्यायालय ही मुदत माफही करू शकते. बँकेत जायचे ते याच दिवसांत. कर्ज एकाच्याच नावावर करा, दुसरा सहकर्जदार घ्या आणि मला मुक्त केल्याचे पत्र द्या, असा लेखी अर्ज करावा. बँक बांधील नाही. उरलेल्याची ऐपत पाहूनच ती ठरवते. पत्र हाती येईपर्यंत तडजोडीवर सही करू नये, असे मी आता नात्यातल्या मुलींना सांगतो. आपण कुठेकुठे सह्या केल्या, हे बऱ्याच जणींना आठवतही नाही. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात ते सापडते, आणि थकलेला हप्ताही दोघांच्या नावे दिसतो.

बाईंसाठी बदली सहकर्जदार कोणी पुढे आला नाही. आठ हप्ते त्यांनी पगारातून भरले. मग नवऱ्याच्या थोरल्या भावाला मध्ये घालून, बँकेच्या परवानगीने ट्रॅक्टर विकला. कमी पडलेली रक्कम त्यांनीच एकरकमी भरली. बांगड्या मोडून, हे मला शाखेतल्या शिपायाने नंतर सांगितले.

ना-देणे दाखला घ्यायला आल्या, तेव्हा त्यावर माहेरचे नाव घालता येईल का, असे त्यांनी विचारले. कर्ज ज्या नावाने, दाखलाही त्याच नावाने, असे मला सांगावे लागले.