फुकट प्रशिक्षण, वर परतफेडीचा करार?

थळच्या आरसीएफ खत कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलेल्या आयटीआयच्या मुलाला १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार दरमहा विद्यावेतन मिळतं आणि त्याचा करार सरकारदरबारी नोंदला जातो. त्यामुळे ‘तीन महिने बिनपगारी शिका, मध्येच सोडलंत तर लाखभर भरा’ असं पत्र हाती पडलं, की आधी हे पाहावं: या काळात तुम्ही खरंच शिकणार आहात, की कंपनीचं रोजचं काम उरकणार आहात? काम उरकणार असाल, तर पैसे मिळायलाच हवेत.

प्रशिक्षणावर खर्च होतो, हे मालकांचं म्हणणं खोटं नाही. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. पण तिथे माणूस पगारी अधिकारी होता आणि फेरभरतीचा खर्च खरा होता. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं. करारातला आकडा ही केवळ कमाल मर्यादा. म्हणून त्या आकड्याचा हिशेब लेखी मागा. मूळ प्रमाणपत्रं, कोरा धनादेश किंवा अनामत मागितली, तर सही करू नका.