नकाराचा शेरा आणि दोन मापे

सरकार 'नाही' कसे म्हणते, हे आम्हा कारकून मंडळींना चांगले ठाऊक आहे. एक प्रकार म्हणजे फाईलवर 'नामंजूर' असा शेरा मारणे. दुसरा प्रकार अधिक हुशारीचा. नियमात एखादे वाक्य असे घालायचे की, मंजुरीची पाळीच येऊ नये. इंग्लंडमध्ये पवनचक्क्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडले. प्रकरण दूरदेशीचे आहे. पण त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे.

तिकडे जमिनीवर पवनचक्क्या उभारायच्या तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागे. कौन्सिलने नाकारली तर अपील करता येई. निरीक्षक जागा पाहून, दोन्ही बाजू ऐकून निकाल देई. मात्र असे अपील स्वतःकडे घेण्याचा अधिकार मंत्र्याला होता. २०१३ पासून मंत्री एरिक पिकल्स यांनी पवनचक्क्यांची अनेक अपिले आपल्या टेबलावर ओढून घेतली. निरीक्षकाची शिफारस अनुकूल असतानाही त्यांनी काही प्रकल्प नामंजूर केले.

पुढे १८ जून २०१५ रोजी नवे मंत्री ग्रेग क्लार्क यांनी दोन अटी जाहीर केल्या. पहिली, ती जागा स्थानिक आराखड्यात पवनचक्क्यांसाठी आधीच दाखवलेली हवी. दुसरी, बाधित लोकांनी काढलेल्या प्रत्येक हरकतीचे पूर्ण निरसन होऊन प्रकल्पाला त्यांचा पाठिंबा हवा. बंदी हा शब्द कुठेच नव्हता. परंतु इंग्लंडमध्ये नव्या पवनचक्क्यांचे काम जवळजवळ ठप्प झाले. स्कॉटलंडचे नियोजन वेगळे असल्याने तिथे त्या उभ्या राहतच होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचा नॅव्हिटस बे हा ९७० मेगावॉटचा समुद्रातील प्रकल्पही सरकारने नाकारला. किनाऱ्याचे निसर्गदृश्य बिघडेल, हे त्याचे एक मुख्य कारण होते.

गावकऱ्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पात्यांचा आवाज, फिरती सावली, बदललेला डोंगर यांचा त्रास ज्याला होतो त्यालाच कळतो. स्थानिकांचे ऐकलेच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच की, ते सर्वांचे आणि सर्व बाबतींत ऐकले गेले काय?

आता हे पाहा. क्लार्क यांच्या घोषणेनंतर अवघ्या ११ दिवसांनी, २९ जून २०१५ रोजी, लँकेशायरच्या कौन्सिलने प्रेस्टन न्यू रोड येथील वायूच्या विहिरींना परवानगी नाकारली. जमिनीखालचे खडक पाण्याच्या दाबाने फोडून हा वायू काढतात. इथेही लोकांचाच विरोध होता. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्री साजिद जाविद यांनी कौन्सिलचा नकार बाजूला सारून परवानगी दिली! ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे २.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा कुठे नोव्हेंबरमध्ये सरकारने इंग्लंडभर हे काम थांबवले. वाऱ्याला एक माप, वायूला दुसरे माप.

अपिले स्वतःकडे ओढण्याचा हाच अधिकार पिकल्स यांनी जिप्सी आणि इतर भटक्या लोकांच्या वस्त्यांच्या प्रकरणांतही वापरला होता. जानेवारी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. निर्णय लांबवणे हासुद्धा अन्यायच, हेही न्यायालयाने मान्य केले.

जमिनीवरच्या पवनचक्कीची वीज तिथल्या स्वस्त विजेपैकी एक. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर वायूचे भाव भडकले, वीजबिले वाढली, आणि हातावर पोट असलेल्यांची घरे थंडीत गारठली. २०१५ ची अट अखेर ८ जुलै २०२४ रोजी नव्या सरकारने काढली. नऊ वर्षे गेली ती गेलीच.

बंधु-भगिनींनो, रेशनकार्ड असो, घराचा अर्ज असो की जातीचा दाखला, नकार मिळाला म्हणून मान खाली घालून परतू नका. तीन प्रश्न विचारा. कारण लेखी द्याल काय? निर्णय कोणी घेतला? हाच नियम दुसऱ्यालाही लावला काय? आपल्याकडे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे, निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. तोंडी नकार हवेत विरतो. लेखी नकाराविरुद्ध अपील करता येते. मुलांनाही हे आजच शिकवा.