ट्रेडमिलवरून एव्हरेस्ट दिसत नाही

जिमचं वर्षाचं पॅकेज घेतलंत, दंडही फुगले. पण लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर धाप लागतेच ना? मग चंद्रपूरची ही पोरं बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बर्फ दिसणार तो गोळेवाल्याकडे! आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’साठी तिथल्या आश्रमशाळांतले १० विद्यार्थी निवडले गेले. भोंगीरला खडकावर चढाई, दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे धडे, मग लडाखची थंडी. दर ठिकाणी शरीराची नवी परीक्षा: कधी बोटांची पकड, कधी तोल, कधी विरळ हवेत श्वास. नुसते बायसेप्स तिथे काय कामाचे? मे २०१८ मध्ये ५ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. बाकीच्या पाचांशीसुद्धा जिना चढायची पैज मी तरी लावणार नाही.