न दिसणारी जागा

ईमेलचा विषय पडद्यावर ‘बिल’ असा स्वच्छ दिसतो, तरी पर्लचा प्रोग्रॅम तो ‘बिल’शी जुळत नाही म्हणतो. शब्दाला एखादी न दिसणारी जागा चिकटलेली असते. अशा वेळी सरसकट ट्रिम करून, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा पुसून, मोकळे होणे घाईचे आहे. ती जागा आली कुठून, ते आधी पाहायला हवे. ईमेलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या दोन चिन्हांनी संपते. पर्लमधले चॉम्प एरवी फक्त लाइन फीड काढते. कॅरेज रिटर्न मजकुराला चिकटून राहते. मजकूर चौकटी कंसात छापून पाहा: टर्मिनलवर बंद होणारा कंस ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो आणि चोर सापडतो.

सगळ्याच मोकळ्या जागा पुसल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारेल. बिघडते. आरएफसी ८२२ या १९८२च्या नियमावलीनुसार विषयासारखे लांब हेडर मोडून पुढच्या ओळीवर नेता येते, आणि ती ओळ आधीच्या हेडरचीच आहे याची खूण म्हणजे तिच्या आरंभीची स्पेस किंवा टॅब. ती आधीच पुसली की विषय अर्धवट तुटतो. म्हणून आधी ओळी जोडाव्यात, मग कडा साफ कराव्यात. नेहमीच्या कामाला तयार मॉड्यूलच वापरा. पण फाइलच्या ओळी कशाने संपतात, ते एकदा स्वतः तपासा.