मैत्री बागेतली मैत्री नेमकी कुणाशी?

गोंदियाच्या कॉलेजांमध्ये एका दिवसाच्या सहलीचा विषय निघाला की प्लॅन जवळपास ठरलेलाच असतो. सकाळची गाडी पकडायची, डोंगरगडला बम्लेश्वरीचं दर्शन घ्यायचं, पुढे भिलाईला मैत्री बागेत पांढऱ्या वाघासोबत सेल्फी काढायचा आणि रात्री घरी. तुम्हीही जाऊन आला असाल. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा गेटवरच्या नावाखाली फोटो काढला. पण ही मैत्री कुणाची आणि कुणाशी, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही. आमच्या ग्रुपमध्ये परवा विचारलं तर एकीने लिहिलं, "फ्रेंडशिप डेवाली असेल."

ही मैत्री भारत आणि सोव्हिएत युनियनची. भिलाई स्टील प्लांटने १९७२ मध्ये ही बाग त्या दोस्तीची खूण म्हणून उभी केली. ज्या देशाशी दोस्ती केली तो १९९१ मध्ये नकाशावरून गेला. बाग अजून आहे, वाघ आहेत, टॉय ट्रेन आहे.

बारावीच्या पुस्तकात शीतयुद्ध वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बर्लिनची भिंत येते, क्युबा येतो. अमेरिका भांडवलशाहीवाली, रशिया साम्यवादवाला, दोघांकडे अणुबॉम्ब, परीक्षेत पाच मार्क. आपला त्यात काय संबंध, असं वाटतं. संबंध बघायचा असेल तर गोंदिया स्टेशनवर उभे राहा आणि हावड्याकडे जाणाऱ्या रुळांकडे बघा.

या रुळांवर पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर भिलाई. तिथला कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला. याच लाइनने छत्तीसगड ओलांडून ओडिशात गेलात की राउरकेला. तो कारखाना बांधला पश्चिम जर्मनीच्या क्रुप आणि डेमाग या कंपन्यांनी, म्हणजे अमेरिकेच्या गटातल्या देशाने. आता तारखा बघा. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी राउरकेलाच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं ३ फेब्रुवारी १९५९ ला, आणि भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला! सगळं जग दोन गटांत वाटलेलं असताना आपले राष्ट्रपती सलग दोन दिवसांत दोन्हीकडचे नारळ फोडून आले. अलिप्ततावाद म्हणजे काय, यावर मला इतकं सोपं उत्तर कुठल्याही गाइडमध्ये मिळालं नव्हतं.

भिलाईचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा गोंदिया, दुर्ग आणि भिलाई एकाच राज्यात होते, हेही मला आता कळलं. जुना मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यं नव्याने आखली गेली आणि भिलाई आपल्यासाठी 'दुसऱ्या राज्यातलं' झालं.

रशियाने कर्ज दिलं अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांत फेडायचं आणि तेही रुपयांत. डॉलर लागत नव्हते. आपल्याकडे डॉलरचीच तर टंचाई होती. भिलाईचं नाव होताच दुसऱ्या बाजूलाही हालचाल झाली. बोकारोचा कारखाना अमेरिकेने बांधावा अशी बोलणी सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते, पण सरकारी मालकीच्या कारखान्याला अमेरिकी करदात्याचा पैसा का द्यायचा, म्हणून तिथल्या संसदेत विरोध झाला. १९६३ मध्ये नेहरूंनी मागणीच मागे घेतली. १९६५ मध्ये बोकारोचा करार कुणी केला? रशियाने. एका दुकानदाराने भाव खाल्ला की आपण समोरच्या दुकानात जातो, तसंच.

जेईई दिलेल्यांसाठी आणखी एक. मुंबईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. कानपूरच्या आयआयटीला हात दिला अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी, मद्रासच्या आयआयटीला पश्चिम जर्मनीने. तुम्ही ऑप्शन फॉर्ममध्ये जो क्रम लावता, त्यात अख्खं शीतयुद्ध आहे.

मग सगळं फुकटात आणि गोडीगुलाबीत चाललं होतं का? नाही.

घरातल्या आजी-आजोबांना रेशनच्या लाल गव्हाबद्दल विचारा. आपला जिल्हा धानाचा, तरी त्या काळात देशाचं पोट अमेरिकेच्या 'पीएल-४८०' योजनेतल्या गव्हावर अवलंबून होतं. १९६५ आणि ६६ ला लागोपाठ दुष्काळ पडला. आपण व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर टीका करत होतो, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं थोडी थोडी, अडवून अडवून सोडायला सुरुवात केली. हरितक्रांतीची घाई आपल्याला का झाली, याचं एक कारण इथे आहे. (गाजरगवतही याच गव्हातून आलं, असं गावोगाव सांगतात. त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण शिव्या मात्र अमेरिकेलाच पडतात.)

रशियाची दोस्तीही बिनशर्त नव्हती. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हा दिल्लीचा आवाज फारच हळू निघाला. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वेळीही आपण संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिलो. व्हिएतनामवर बोलणारा देश प्रागवर गप्प कसा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. मला तो आजही योग्य वाटतो. भिलाईचं पोलाद चांगलंच होतं, पण त्याची किंमत फक्त रुपयांत दिली असं म्हणता येत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुस्तकांची आहे. अमेरिकी गव्हाचे पैसेही आपण रुपयांतच देत होतो. ते रुपये भारतातच साचत गेले. इतके की १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक परत दिला, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी, १९६२ पासून, याच रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठीही होती. शिकागोत आज मराठी पुस्तकांची मोठमोठी कपाटं आहेत, त्याचं मूळ त्या लाल गव्हात आहे.

उलट्या दिशेने मॉस्कोहून मराठीत छापलेली रशियन पुस्तकं येत होती. अनिल हवालदारांसारखे अनुवादक तिथे बसून मराठी करत होते. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि किंमत इतकी कमी की कुणालाही परवडावी. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. दोन्ही महासत्तांना आपलं मन जिंकायचं होतं. फायदा झाला तो वाचणाऱ्यांचा.

सहलीच्या गाडीकडे परत येऊ. आमगाव, सालेकसा मागे टाकून गाडी दरेकशाच्या बोगद्यात शिरते आणि डब्यातली सगळी मुलं ओरडतात. बाहेरच्या याच जंगलाच्या नावाने माओवाद्यांचं 'दरेकसा दलम' होतं. मॉस्को आणि पेकिंग यांचं भांडण झालं, १९६४ मध्ये इथला कम्युनिस्ट पक्ष फुटला, १९६७ मध्ये नक्षलबारी झाली. रशियालाच वाट चुकलेला ठरवून माओला गुरू मानणाऱ्यांची दलं १९८० पासून गडचिरोलीत आणि पुढे आपल्याकडे आली. पोलिस मारले गेले, खबरी ठरवून गावातले आदिवासी मारले गेले. भिलाईच्या कारखान्याने पगार दिला तेच तत्त्वज्ञान, काही तासांच्या अंतरावर, बंदूक घेऊन उभं होतं. मॉस्कोचा लाल झेंडा १९९१ मध्ये उतरला. सालेकसा-देवरीच्या गावांना ही बातमी पोचायला फार वर्षं लागली.

बोगदा संपला की आम्ही अंताक्षरी खेळतो. पुढच्या वेळी निघण्याआधी गोंदिया स्टेशनवर एक गोष्ट बघा. रुळाच्या बाजूच्या उभ्या भागावर कारखान्याची खूण आणि महिना-वर्ष उमटवलेलं असतं. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ कित्येक दशकं भिलाईतूनच आलेत, त्यामुळे 'सेल' अशी अक्षरं दिसण्याची शक्यता बरीच आहे. प्लॅटफॉर्मवरूनच बघा हं, खाली उतरू नका.